कानाचं मशीन घेताना खिशातला फोन सोबत न्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूरच्या नवी पेठेत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. डिस्प्ले बदलणं, चार्जिंगची पिन बसवणं, पाण्यात पडलेला फोन उघडून वाळवणं ही रोजची कामं. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एका कामाची भर पडली आहे. वयस्कर माणसं एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात रुमालात गुंडाळलेलं कानाचं मशीन घेऊन येतात आणि म्हणतात, "एवढं ह्याला जोडून दे बाबा." मशीनची जोडी पन्नास हजारांची असते, कधी दोन लाखांची. विकणाऱ्याने 'ब्लूटूथचं आहे, फोन थेट कानात ऐकू येईल' असं सांगितलेलं असतं. पण कुठल्या फोनमधून येईल, हे सांगितलेलं नसतं. ह्या न सांगितलेल्या गोष्टीपायी लोक घेतलेलं मशीन फोनसाठी वापरतच नाहीत, आणि काही तर वैतागून कानात घालणंही सोडतात. म्हणून हे पत्र लिहीत आहे. जरा लांबलंय, पण शक्य झाल्यास पूर्ण छापावं.

पहिली गोष्ट, कानाच्या मशीनचं ब्लूटूथ आणि दोन हजारांच्या इअरबडचं ब्लूटूथ बहुतेक वेळा एक नसतं. इअरबड चार-सहा तास वाजले की आपण ते डबीत चार्जिंगला टाकतो. कानाचं मशीन सकाळी घातलं की रात्री झोपेपर्यंत चालावं लागतं, आणि तेही शेंगदाण्याएवढ्या जागेत मावणाऱ्या सेलवर. तपकिरी स्टिकरचा ३१२ नंबरचा सेल वापरणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. साधं ब्लूटूथ त्या सेलला फार जड जातं. त्यामुळे आधीच्या काळात गळ्यात एक स्ट्रीमर अडकवायला लागायचा. फोनचं ब्लूटूथ त्या डबीत यायचं आणि डबीतून आवाज मशीनमध्ये जायचा. गळ्यातली डबी सांभाळायची, तिचं वेगळं चार्जिंग करायचं, ह्याला कंटाळून बहुतेक जण ती घरीच ठेवायचे.

ती डबी काढून टाकण्यासाठी कंपन्यांनी वेगवेगळे मार्ग काढले, आणि आजचा गोंधळ तिथूनच सुरू झाला. ॲपलने कमी विजेवर चालणारी आपली स्वतःची पद्धत तयार केली. २०१४मध्ये रीसाउंडचं लिंक्स आणि स्टार्कीचं हेलो ही आयफोनशी थेट जोडणारी मशीनं बाजारात आली. ती अँड्रॉइडवर आवाज घेत नव्हती. अँड्रॉइडसाठी गूगलने २०१८मध्ये 'आशा' नावाची पद्धत जाहीर केली आणि २०१९च्या अँड्रॉइड १०पासून ती काही फोनमध्ये आली. 'काही' हा शब्द महत्त्वाचा आहे. आशा आपल्या फोनमध्ये घालायची की नाही, हे फोन बनवणारी कंपनी ठरवते. एकाच कंपनीच्या महागड्या फोनमध्ये ती असते आणि स्वस्तातल्या फोनमध्ये नसते, असंही मी पाहतो. तिसरा मार्ग फोनाकने घेतला. त्यांनी २०१७मध्ये साध्या ब्लूटूथवरच चालणारं मशीन आणलं. पहिल्या पिढीत फोनचा आवाज एकाच कानात यायचा, पुढच्या वर्षीच्या मार्व्हलमध्ये दोन्ही कानांत येऊ लागला. हे मशीन जवळजवळ कुठल्याही ब्लूटूथच्या फोनशी जुळतं, अगदी बटणाच्या फोनशीसुद्धा. मात्र सेल जास्त खातं.

चौथा मार्ग आता सगळ्यांसाठी एकच असावा म्हणून आलाय. त्याला एलई ऑडिओ म्हणतात. ब्लूटूथची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने तो २०२०च्या जानेवारीत जाहीर केला, २०२२मध्ये त्याचे नियम पूर्ण झाले आणि अँड्रॉइड १३पासून फोनमध्ये त्याची सोय सुरू झाली. पुढची मशीनं बहुतेक ह्याच वाटेने जातील. पण इथेही एक खोच आहे. फोनच्या खोक्यावर 'ब्लूटूथ ५.३' छापलेलं दाखवून लोक मला म्हणतात, "बघ, नवीन आहे." त्या आकड्यावरून एलई ऑडिओ आहे की नाही हे कळत नाही. तो घालणं कंपनीवर बंधनकारक नाही. मशीनच्या कंपनीच्या वेबसाइटवर चालणाऱ्या फोनची यादी असते. आपल्या फोनचं पूर्ण मॉडेल तिथे पाहणं, एवढाच खात्रीचा उपाय आहे.

सगळ्यात जास्त माणसं कुठे अडकतात ते सांगतो. साखर पेठेतल्या एक अक्का माझ्याकडे आल्या होत्या. मुलाने दुसऱ्या शहरातून मशीन घेऊन दिलेलं. फोनवर मशीनचं ॲप होतं आणि ते व्यवस्थित चालत होतं. ॲपमध्ये डाव्या-उजव्या मशीनची बॅटरी किती ते दिसत होतं. आवाज वाढवला की कानात वाढत होता, बाजारातल्या गोंगाटासाठीचा प्रोग्रॅमही बदलत होता. पण फोन आला की कानात काही नाही, आवाज फोनच्या स्पीकरमधूनच. विकणारा म्हणत होता फोन खराब. फोनच्या सर्व्हिस सेंटरला म्हणे मशीन खराब. खरं तर दोन्ही धडधाकट होतं. ॲपकडून मशीनला 'आवाज एक घर वाढव' एवढाच निरोप जातो, तो कुठल्याही फोनच्या कमी विजेच्या ब्लूटूथवरून जाऊ शकतो. चालू बोलण्याचा सलग आवाज पाठवायला मात्र आशा किंवा दुसरी एखादी पद्धत दोन्हीकडे लागते. चिठ्ठी कुणाच्याही हाती देता येते, पण चादरींचा गठ्ठा पाठवायचा तर टेम्पोच लागतो, तसं आहे हे. अक्कांच्या फोनमध्ये ती पद्धतच नव्हती. त्यांच्या नातवाच्या फोनमध्ये आशा होती. त्याच्या फोनला मशीन जोडून सिरसिल्ल्याच्या लेकीला फोन लावला, तर दोन्ही कानांत स्वच्छ आवाज.

तिथेच पुढचा घोळ झाला. लेकीला अक्कांचं बोलणं ऐकू जाईना. अक्कांनी फोन काउंटरवर ठेवला होता आणि त्या सरळ बसून बोलत होत्या. आयफोनच्या आणि आशाच्या बऱ्याच मशीनमध्ये समोरच्याचं बोलणं आपल्या कानात येतं, पण आपलं बोलणं फोनच्याच माइकमधून जातं. म्हणून फोन तोंडापाशी धरायला हवा. कानाला लावायची गरज नाही. छातीजवळ, पानाचा डबा धरतो तसा धरला तरी पुरतो. साध्या ब्लूटूथच्या मशीनमध्ये आणि काही नव्या मशीनमध्ये आपलं बोलणंही मशीनचाच माइक उचलतो, मग फोन खिशात ठेवूनही बोलता येतं. मशीन विकताना हा फरक सांगायला एक मिनिट पुरतं. अक्कांना तो कुणी सांगितला नव्हता.

थेट कानात आवाज येण्याने असं काय मोठं होतं, असं ज्यांना वाटतं त्यांना आमच्या आप्पांचं सांगतो. माझ्या वडिलांचं सगळं आयुष्य शहराच्या पूर्व भागात यंत्रमागावर गेलं. धोट्याचे माग जिथे चालतात त्या शेडमध्ये आवाज शंभर डेसिबलच्या घरात असतो. पंच्याऐंशी डेसिबलला आठ तास ही मर्यादा मानली जाते, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होत जाते, ह्या हिशेबाने शंभर डेसिबलला पाव तास होतो. आमच्याकडची माणसं तिथे पाळीच्या पाळी काढत आली. अशा आवाजाने कानाचा जो भाग आधी जातो तो चार हजार हर्ट्‌झच्या आसपासचा. स, श, थ, फ ह्या अक्षरांचा बारीक सळसळता भाग ह्याच वरच्या पट्टीत असतो. जाड आवाज येतो, अक्षराचा काठ येत नाही. आप्पा म्हणतात तेच पूर्व भागातल्या शेकडो घरांतले म्हातारे म्हणतात: "ऐकू येतं रे, पण कळत नाही." फोनवर तर समोरच्याचे ओठही दिसत नाहीत. 'साठ हजार' म्हटलेलं 'आठ हजार' ऐकू आलं की व्यवहाराचं काय होतं, ते सूत घेणाऱ्या-देणाऱ्यांना विचारा.

मशीन घालून फोन कानाला लावला की दुसरा त्रास. मशीनचा माइक कानाच्या मागे, वरच्या बाजूला असतो आणि आपण सवयीने फोन कानाच्या भोकाशी धरतो. आवाज माइकपर्यंत धड पोचत नाही, वर शिटी वाजते. रस्त्यावरची रिक्षा, घरातला मिक्सर हेही सगळं त्याच माइकमधून मोठं होऊन येतं. वायरलेसने जोडलं की समोरच्याचं बोलणं हवेतून न येता सरळ मशीनमध्ये येतं आणि ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे कान तपासून मशीन लावून देणाऱ्याने, ह्या माणसाच्या कानाच्या तपासणीच्या आलेखाप्रमाणे जी पट्टी वाढवलेली असते, त्या हिशेबाने दोन्ही कानांत वाजतं. आप्पांना माझ्या बहिणीचं फोनवरचं बोलणं आता दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही. ह्याहून मोठं कारण मला तरी लागत नाही.

त्यातही जुन्या पद्धतीचा कॉल साधारण ३४०० हर्ट्‌झपर्यंतचाच आवाज नेतो, म्हणजे 'स'चा काठ वाटेतच कापला जातो. दोन्हीकडे फोर-जीचा व्होल्टी कॉल असेल तर ७००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज येऊ शकतो. फोनमध्ये व्होल्टीचं बटण बंद असलेले कितीतरी म्हातारे येतात. ते चालू करून द्यायला काही पैसे पडत नाहीत, घरच्या पोरांनी आजच बघावं.

जोडताना काय अडचणी येतात तेही लिहितो, म्हणजे घरच्या घरी जमेल. आयफोनवर मशीन नेहमीच्या ब्लूटूथच्या यादीत शोधू नका. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत श्रवणयंत्रांचं वेगळं पान आहे, तिथून जोडायचं. अँड्रॉइड १४पासून अँड्रॉइडमध्येही तसं पान आलंय, आणि रिंग मशीनमध्ये वाजावी की फोनवर, हेही तिथे निवडता येतं. ज्यांना कानात अचानक रिंग वाजून दचकायला होतं त्यांनी हे जरूर करून घ्यावं. मशीन जोडणीसाठी तयार करायला सेलचं दार उघडून बंद करायचं, चार्जिंगचं असेल तर बंद करून पुन्हा चालू करायचं. त्यानंतर दोन-तीन मिनिटंच ते फोनला दिसतं. तेवढ्यात जमलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. डावं-उजवं मशीन वेगवेगळं दिसेल, कधी एकाच मशीनची दोन नावं दिसतील. जुनी अर्धवट जोडणी राहिलेली असेल तर ती आधी 'विसरा' करून काढावी लागते.

जुन्या अँड्रॉइडवर ॲप लोकेशनची परवानगी मागतं. इथे बरेच वयस्कर लोक घाबरून 'नाही' म्हणतात, आणि फसवणुकीचे प्रकार रोज कानावर येत असताना त्यांचं घाबरणं बरोबरच आहे. पण अँड्रॉइड ११पर्यंत आसपासची ब्लूटूथची वस्तू शोधायलाच ती परवानगी लागायची. अँड्रॉइड १२पासून 'जवळपासची डिव्हाइस' अशी वेगळी परवानगी आली. कंपनीचं अधिकृत ॲप असेल तर द्यायला हरकत नाही. शिवाय बॅटरी सेव्हर चालू असला की फोन मागे चालणारं ॲप बंद करून टाकतो आणि माणसाला वाटतं मशीन तुटलं.

आवाज तुटक येतो, अशी तक्रार असेल तर आधी फोन कुठल्या खिशात आहे ते बघतो. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्‌झच्या, आणि शरीरातलं पाणी त्या शोषून घेतं. फोन पँटच्या मागच्या खिशात आणि मशीन दुसऱ्या बाजूच्या कानात, म्हणजे मध्ये अख्खं शरीर आडवं. शर्टाच्या खिशात ठेवला की बहुतेक वेळा काम होतं. ह्याच कारणाने बरीच मशीनं एका कानातून दुसऱ्या कानाशी बोलायला ब्लूटूथ न वापरता जवळच्या चुंबकीय लहरी वापरतात, कारण मध्ये डोकं असतं.

एक तक्रार मात्र जोडणीची नसते. गाणं पातळ वाटतं, ढोलकीचा ठेका येत नाही, असं लोक म्हणतात. कानात घालायची रबरी टोपी भोकं असलेली असेल तर जाड आवाज बाहेर निसटतो. ते मशीन लावणाऱ्याकडेच बघून घ्यावं, फोनमध्ये त्याचा इलाज नाही.

आता ज्यांच्याकडे वायरलेस मशीन नाही त्यांच्याबद्दल, कारण तेच जास्त आहेत. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीच्या पुढच्या गरजूंना एकदा तीन हजार रुपये मिळतात, त्यात चष्मा, काठी, श्रवणयंत्र अशा वस्तू घ्यायच्या. तेवढ्यात वायरलेस मशीन येणार नाही हे उघड आहे. पण साध्या मशीनमध्येही टेलिकॉइल, म्हणजे चुंबकीय लहरी पकडणारं तारेचं बारीक वेटोळं, असू शकते; त्यावर 'टी' असं बटण किंवा प्रोग्रॅम असतो. गळ्यात घालायची एक तारेची माळ मिळते, नेकलूप म्हणतात तिला. ती फोनच्या इअरफोनच्या भोकात लावली की फोनचा आवाज चुंबकीय लहरींनी टेलिकॉइलमध्ये येतो. त्याला ना आशा लागते ना आयफोन. ब्लूटूथपेक्षा जुनी युक्ती आहे आणि आजही चालते. मशीन घेताना 'टेलिकॉइल आहे का आणि ती चालू करून दिली आहे का' हे विचारा, कारण ती आत असूनही पुष्कळदा बंदच ठेवलेली असते.

ज्यांना मशीन लावूनही शब्द लागत नाहीत त्यांनी व्हिडिओ कॉल करावा, ओठ दिसतात. अँड्रॉइडवर गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब हे मोफत ॲप आहे, समोरचा बोलेल ते पडद्यावर लिहून दाखवतं. मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही चालतात, म्हणजे आपल्या सोलापूरच्या एकाच घरात बोलल्या जाणाऱ्या सगळ्या भाषा झाल्या. आप्पा बँकेत जाताना तेच वापरतात.

स्वस्तातलं 'कानाचं यंत्र' ऑनलाइन मागवणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगतो, आधी कानाची तपासणी करा. कानात मळ असेल, पडद्याला भोक असेल, एकाच कानाने अचानक ऐकू येईनासं झालं असेल, तर ते डॉक्टरचं काम आहे. अचानक गेलेल्या कानाला तर त्याच दिवशी दाखवावं. आणि तपासणीचा आलेख असल्याशिवाय मशीन कशाच्या आधारावर लावणार?

माझं मागणं विकणाऱ्यांकडे आहे. मशीन हे दोन वस्तूंचं मिळून काम आहे, त्यातली एक वस्तू गिऱ्हाइकाच्या खिशात आहे. ती न बघता दुसरी विकणं बरोबर नाही. मशीन कुठल्या पद्धतीने फोनशी जुळतं, ह्या गिऱ्हाइकाच्या फोनच्या मॉडेलवर कॉलचा आवाज मशीनमध्ये येतो का, आणि बोलायला माइक कुणाचा, हे बिलावर लिहून द्यावं. पैसे घेण्याआधी गिऱ्हाइकाच्याच फोनवरून एक कॉल लावून दाखवावा. 'ॲप चालतं' म्हणजे झालं, असं करू नये. लाखभर रुपये मोजणाऱ्या माणसाला एवढं मागायचा हक्क आहे. बऱ्याच घरांत ते पैसे निवृत्तीच्या रकमेतून किंवा मुलाच्या कर्जातून आलेले असतात.

आम्हा मोबाइलवाल्यांनाही हे लागू आहे. म्हातारं माणूस फोन बदलायला आलं की कानाकडे बघावं. मशीन असेल तर नवीन फोन त्याला जुळतो का हे आधी तपासावं, नाहीतर चांगलं चालणारं मशीन नव्या फोनमुळे मुकं होतं.

महापालिकेलाही एक सांगायचं आहे. एलई ऑडिओमध्ये ऑराकास्ट नावाची सोय आहे, एकाच ठिकाणाहून निघालेला आवाज सभागृहातल्या कितीही जणांच्या मशीनमध्ये एकाच वेळी जाऊ शकतो. टेलिकॉइलसाठी सभागृहात जमिनीखालून तारेचं वेटोळंही टाकता येतं. हुतात्मा स्मृती मंदिरात पुढच्या वेळी ध्वनियंत्रणेचं काम निघेल तेव्हा निविदेत ह्यातलं एक तरी घालावं. नाटकाला आवडीने येऊन शेवटच्या अंकापर्यंत शेजारच्याला "काय म्हणाला?" असं विचारत बसणारी माणसं ह्या शहरात पुष्कळ आहेत, आणि त्यांतली कितीतरी मागावर राबलेली आहेत.

शहरातल्या कानाच्या डॉक्टरांपैकी किंवा ऑडिओलॉजिस्ट मंडळींपैकी कुणी ह्यावर अधिक लिहिलं, विशेषतः कुठल्या कानाला कुठलं मशीन ह्याबद्दल, तर तेही आपण छापावं अशी विनंती. मला फोनची बाजू कळते, ती मी लिहिली.

कळावे.

आपला,
एक मोबाइल दुरुस्ती दुकानदार
नवी पेठ, सोलापूर